शास्त्रीच्या उगमाकडचा वसंत

जयगडच्या जेटीवर उभं राहिलं की तोंड आपोआप समुद्राकडे होतं. किल्ला त्या अंगाला, दीपगृह त्या अंगाला, तवसाळला जाणारी फेरीबोटही पुढ्यातच. खाडी जिथून येते त्या पूर्वेकडे फारसं कुणी बघत नाही. फाल्गुनात तर मुळीच नाही. तेव्हा गावाचा जीव पालखीत आणि कलमांवर धरलेल्या कैरीत गुंतलेला असतो. मला मात्र शिमगा सरला की पूर्वेची ओढ लागते. ही खाडी म्हणजे शास्त्री नदीचं मुख, आणि शास्त्री जिथे जन्मते तो प्रचितगडाचा डोंगर चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिम कडेला उभा आहे. आपल्या दाराशी येणाऱ्या पाण्याचं माहेर एका राष्ट्रीय उद्यानात आहे, ही गोष्ट आपल्याकडच्या प्रत्येक शाळकरी पोराला ठाऊक असायला हवी.

चांदोली म्हटलं की सांगली जिल्हा, शिराळा तालुका आणि वारणेवरचं धरण आठवतं. ते बरोबरच आहे. पर्यटकांचा नेहमीचा रस्ता त्या बाजूने आत शिरतो आणि धरणाच्या वसंतसागर जलाशयाचं पाणी रानाच्या पोटात खोलवर गेलेलं आहे. पण ३१७.६७ चौरस किलोमीटरचं हे रान सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी अशा चार जिल्ह्यांच्या हद्दींवर पसरलेलं आहे. १९८५ मध्ये ते अभयारण्य झालं आणि २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० मध्ये उत्तरेचं कोयना अभयारण्य आणि चांदोली एकत्र करून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आखला गेला. त्याचं एकूण क्षेत्र, बाहेरचा बफरचा पट्टा धरून, ११६५ चौरस किलोमीटरच्या वर जातं. २०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशात घेतलं. त्यांत महाराष्ट्रातली चार ठिकाणं आहेत: कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी.

या रानाच्या पश्चिम कडेवर पडणाऱ्या पावसाचं मला लहानपणापासून नवल वाटत आलं आहे. पाथरपुंज हे तिथलं गाव राज्यातल्या सर्वांत जास्त पावसाच्या ठिकाणांमध्ये गणलं जातं. त्याच परिसरात वारणेचा उगम आहे. कड्याच्या पूर्वेला पडलेला थेंब वारणेत जातो, सांगलीजवळ हरिपूरला कृष्णेला मिळतो आणि सगळं दख्खन ओलांडून आंध्रात बंगालच्या उपसागराला पोचतो. पश्चिमेला पडलेला थेंब कडा उतरून शृंगारपूर, संगमेश्वर, फुणगूस करत जयगडला येतो. पहिल्याचा प्रवास शेकडो कोसांचा, दुसऱ्याचा एका जिल्ह्यातल्या जिल्ह्यात संपणारा. आपण या छोट्या वाटेच्या शेवटी राहतो.

सह्याद्रीत जायचं तर पावसाळ्यात, अशी एक समजूत आपल्याकडे पक्की झालेली आहे. धबधबे, धुकं, हिरवे डोंगर. उन्हाळा आला की तेच डोंगर करपलेले, बघण्यासारखं काही नाही, असं म्हणून आपण मोकळे होतो. मला ही समजूत चुकीची वाटते. पावसाळ्यात उद्यान बंदच असतं, आणि ते योग्यही आहे. रानाची खरी लगबग पाहायची असेल तर शिमग्यापासून वैशाखी पौर्णिमेपर्यंतचा काळ गाठावा. झाडं, पाखरं, कीटक, जनावरं, सगळ्यांची वर्षातली महत्त्वाची कामं याच दोन-अडीच महिन्यांत चाललेली असतात. पान गळून गेल्यामुळे ती दिसतातही.

आपला वसंत थंड मुलखातल्या वसंतापेक्षा मुळातच वेगळा आहे. युरोपात किंवा हिमालयात बर्फ वितळतं, माती ओलावते, दिवस मोठा होतो आणि मग फुलं येतात. तिथे वसंत पाण्याबरोबर येतो. सह्याद्रीत तो ऐन कोरड्यात येतो. वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरमध्ये पडून गेलेला असतो. मार्चमध्ये ओढे आटत चाललेले, जमीन भेगाळलेली, हवेत धूळ. अशा वेळी काटेसावर अंगावर एकही पान नसताना लाल फुलांनी भरून जाते. पांगारा, पळस, करमळ, शिवण एकामागून एक फुलतात. हे पाणी येतं कुठून?

उत्तर पानं गळण्यातच आहे. झाडाचं सर्वांत जास्त पाणी पानांवाटे हवेत उडून जातं. पानं गाळली की तो खर्च थांबतो. मुळं खोलवरून जे थोडं पाणी ओढतात ते खोडात साठत जातं, फांद्यांमधला ताण सुटतो आणि कळ्या फुगतात. म्हणजे पानझड ही फुलोऱ्याची तयारीच असते. पानं नसल्याचा दुसरा फायदा असा, की फुलं लांबून दिसतात. मैलभर अंतरावरची मैनाही सावरीच्या झाडाकडे झेपावते. तिसरं कारण पुढच्या हिशोबाचं आहे. सावरीची बोंडं एप्रिल-मे महिन्यांत तडकतात आणि कोरड्या वाऱ्यावर कापूस घेऊन बी लांब जातं. पळसाच्या चपट्या शेंगाही वाऱ्यावर उडतात. ओल्या हवेत हे साधलं नसतं. जूनचा पहिला पाऊस पडेपर्यंत बी आपापल्या जागी पोचलेलं असतं.

नवी पालवीसुद्धा पावसाची वाट बघत नाही. मार्चमध्ये कोशिंबाचं झाड पाहिलं आहे का? सबंध झाड शेंदरी-लाल होतं, आणि नवखा माणूस त्याला फुलं समजतो. ती कोवळी पानं असतात. कोवळ्या पानात हरितद्रव्य पुरेसं तयार व्हायच्या आधी अँथोसायनिन नावाचं लाल रंगद्रव्य भरतं. ते कडक उन्हापासून पानाचं संरक्षण करतं असं वनस्पतिशास्त्रज्ञ मानतात; पान खाणाऱ्या किड्यांना लाल पान आकर्षक वाटत नसावं, असाही एक विचार आहे. आंब्याची पालवी तांबूस असते ती याच रंगद्रव्यामुळे. पालवी पावसाआधी का फुटते, याचंही एक सुरेख उत्तर दक्षिणेतल्या मुदुमलईच्या रानातून मिळालं आहे. के. एस. मुरली आणि रामन सुकुमार यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असं दिसलं, की कोरड्या दिवसांत लवकर पालवणाऱ्या झाडांची पानं किड्यांनी कमी खाल्लेली असतात. किड्यांची खरी फौज पाऊस पडल्यावर निघते. तोवर लवकर आलेली पानं जून होऊन बसलेली असतात.

चांदोलीचं रान मात्र नुसतं पानझडीचं नाही. घळींत आणि माथ्यालगत अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची सदाहरित झाडी दाट आहे. अंजनी फुलली की जुन्या फांद्यांना निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके थेट चिकटलेले दिसतात. शिल्पकाराने मागाहून बसवावेत तसे. कडेच्या झुडपांत करवंदीचा वास, धायटीची लाल फुलं, उक्षीचे फिकट हिरवे घोस. कुंभ्याचं फूल रात्री उमलतं, वटवाघळं आणि पतंग त्याच्याकडे येतात आणि सकाळी झाडाखाली केसरांचा गालिचा पडलेला असतो. सकाळी उशिरा पोचणाऱ्याला फक्त गालिचा दिसतो.

म्हणून वसंतातला पहिला उद्योग मी झाड पाहण्याचा सांगेन. त्याला चांदोलीपर्यंतही जावं लागत नाही. सुरुवात घराशेजारच्या सावरीपासून करता येते. एक झाड निवडायचं आणि दर आठवड्याला वहीत लिहायचं: कळ्या किती, फुलं किती, पालवी फुटली का, फळ धरलं का, कोण कोण येऊन गेलं. जपानमध्ये क्योतोच्या चेरीच्या बहराच्या नोंदी नवव्या शतकापासूनच्या आहेत, दरबारी रोजनिशा आणि मठांच्या कागदांतून गोळा केलेल्या. त्यामुळेच २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला तेव्हा तो बाराशे वर्षांतला सर्वांत लवकर आलेला बहर आहे असं ठामपणे म्हणता आलं. आपल्याकडे असं काही जपलेलं नाही. पण २०१० पासून सीझनवॉच हा उपक्रम देशभरच्या लोकांकडून, विशेषतः शाळांकडून, झाडांच्या अशा साप्ताहिक नोंदी गोळा करतो आहे. केरळमधल्या शाळांनी त्यात फार मोठा वाटा उचलला. रत्नागिरीच्या शाळांनी तो का उचलू नये? हापूसच्या मोहोराची तारीख आपल्या बागायतदारांना तोंडपाठ असते. तीच शिस्त कोशिंबाला आणि अंजनीला लावायची आहे.

दुसरा उद्योग सूर्य उगवायच्या आधी सुरू होतो. फुललेली सावर किंवा पांगारा गाठून पंचवीस-तीस पावलांवर बसायचं. सावरीच्या जाड पाकळ्यांच्या पेल्यात मध भरपूर असतो. सूर्यपक्षी, बुलबुल, मैना, कोतवाल, पर्णपक्षी, भोरड्या, शिवाय खारी आणि वानरंही. भोरड्या म्हणजे गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या मैना. हिवाळ्यात मध्य आशियातून येतात, सावर-पळसाचा मध पिऊन अंगात बळ धरतात आणि एप्रिलमध्ये परत निघतात. मागे तांबटाची टुकटुक, कुटुर्ग्याची कुटुर-कुटुर, दूर कुठे पावशा. एप्रिलच्या अखेरीस घळीतल्या ओढ्याकाठी शीळकरी कस्तूर गाऊ लागतो. त्याची शीळ माणसाच्या शिळेसारखी, वाट चुकलेल्या पोरासारखी लांबत जाणारी. ती ऐकली की पाऊस दोन महिन्यांच्या आत आला असं समजावं.

पण या दिवसांतला सर्वांत मोठा प्रसंग धनेशाच्या घरी असतो. धनेशाला कोकणात कुणी ककणेर म्हणतं, कुणी माडगरुड. मोठ्या जातीचा, पिवळ्या चोचीवर शिरस्त्राण असलेला तो महाधनेश. त्याला जुनं, जाड बुंध्याचं, ढोली असलेलं झाड लागतं. जुना बेहडा, जुना आंबा, असं काही. विणीच्या वेळी मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते, विष्ठा आणि अन्नाच्या चोथ्याने. उरते ती चोच जाईल एवढी फट. त्या फटीतून नर तिला आणि पुढे पिल्लाला भरवतो: उंबर, वडाची फळं, काकडाची फळं, अधूनमधून सरडा किंवा किडा. मादी आत असताना पंखांची पिसं गाळून नवी आणते, त्यामुळे कित्येक आठवडे तिला उडताही येत नाही. या काळात नराला काही झालं तर सगळं कुटुंब उपाशी पडतं.

धनेश फळं गिळतो आणि बिया दूर नेऊन टाकतो. उंबर, वड, नांदरुक ज्या महिन्यात फळलेले असतात त्या महिन्यात रानात दुसरं फारसं फळ नसतं, आणि या झाडांवर धनेश, हरियल, शेकरू, वानरं, रात्री वटवाघळं अशी सगळी पंगत बसते. खाजगी रानात लाकडासाठी एक उंबर पडतो तेव्हा किती जणांचं ताट उचललं जातं, याचा हिशोब तोडणाऱ्याने करायला हवा. आणि पाहणाऱ्याने एवढंच पाळावं: धनेशाची ढोली सापडली तर जवळ जाऊ नये, खाली उभं राहून फोटो काढू नये, ठिकाण सगळ्यांना कळवत सुटू नये. खाली माणूस उभा असेपर्यंत नर घास घेऊन दूरच्या फांदीवर बसून राहतो. तुमची वीस मिनिटं म्हणजे आतल्या पिल्लाची उपासमार असते.

उन्हं तापली की रानाचं सगळं लक्ष पाण्याकडे लागतं. एप्रिलमध्ये ओढ्यांचं वाहणं थांबतं आणि खडकांच्या खोबणीत कोंड तेवढे उरतात. वन विभाग काही पाणवठे टँकरने किंवा सौरपंपाने भरतो. पाण्याच्या कडेला ओल्या चिखलावर फुलपाखरांचे थवे बसलेले दिसतात. ते बहुतेक नर असतात. चिखलातले क्षार ते शोषतात आणि मीलनाच्या वेळी मादीला देतात. पुढे ते अंड्यांच्या उपयोगी पडतात. जरा वर, झाडोऱ्यात, गवे सावलीत उभे असतात. सांबर फार क्वचित उजेडी येतं. कोळसुंद्यांचा कळप दिसला तर नशीब. बिबट्याच्या खुणा दिसतात, तो दिसत नाही. वाघ हा चांदोलीत पाहण्याच्या हिशोबातला प्राणी नाही. तो फार थोडा आहे, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ताडोब्याहून एक वाघीण आणून इथे सोडली गेली ती संख्या वाढावी म्हणूनच. तिला आणि तिच्या सोबत्यांना निवांतपणा मिळाला तर पाच-दहा वर्षांनी हे रान वेगळं असेल.

पाणवठ्यावर बसून मोजणी करण्याची आपली जुनी पद्धत वैशाखी पौर्णिमेची, म्हणजे बुद्धपौर्णिमेची. तीच रात्र का? पाणी सर्वांत कमी ठिकाणी उरलेलं असतं, म्हणून जनावर तिथे येणारच; पान गळलेलं असतं, म्हणून दिसणार; आणि चांदणं इतकं असतं की बॅटरी न लावता मचाणावरून ओळखता येतं. शास्त्रीय मोजणी आता कॅमेरा सापळ्यांनी आणि दर चार वर्षांच्या देशव्यापी गणनेने होते, कारण मचाणावरून एकच गवा दोनदा मोजला जाऊ शकतो. तरी ती रात्र वन विभागाने राज्यातल्या अनेक जंगलांत निसर्गप्रेमींसाठी चालू ठेवली आहे. नाव आधी नोंदवावं लागतं, जागा थोड्या असतात. संधी मिळाली तर सोडू नका. एका जागी बारा तास गप्प बसणं ही फार मोठी गोष्ट आहे. पहिले दोन तास मच्छर आणि पायाला आलेल्या मुंग्या एवढंच जाणवतं. मग हळूहळू कान उघडतात. पातेऱ्यातून चालणारा उंदीर आणि चालणारं साळिंदर यांतला फरक कळू लागतो.

दिवसा उद्यानात जो ठरलेला रस्ता आहे तो मणदूरच्या बाजूने आत जातो. जनीचा आंबा, झोळंबीचा सडा, खाली जलाशयाचं निळं पाणी. झोळंबीच्या सड्यावर वसंतात तपकिरी गवत आणि जांभा दगड यांशिवाय काही नाही असं वाटतं, पण कडेच्या झाडांवर या दिवसांत आमरीची पांढरी फुलं येतात, पानं नसलेल्या दांड्यांवर. या रस्त्याने जाताना जुनी जोती दिसतात, एखादं देऊळ दिसतं, बांध घातलेली भातखाचरं दिसतात. तिथे गावं होती. झोळंबी, गोठणे, रुंदिव, नांदोली ही नावं नकाशावर अजून आहेत. माणसं धरणासाठी आणि रानासाठी उठवली गेली, दूर सपाटीवर वसवली गेली. आज त्या खाचरांत गवत माजतं आणि गवे चरतात. रानाला त्याचा फायदा झाला, हे खरं. तो फायदा कुणाच्या घरादारातून निघाला हेही तिथे उभं असताना आठवावं. आंब्याचं एकाकी जुनं झाड दिसलं की समजावं, इथे कुणाचं तरी अंगण होतं.

आपल्या बाजूने, म्हणजे कोकणातून, या रानाला हात लावायचा तर वाट शृंगारपूरची. संगमेश्वर तालुक्यातलं हे गाव कड्याच्या अगदी पायाशी वसलेलं आहे. सुर्व्यांच्या ताब्यातलं शृंगारपूर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्ये घेतलं. महाराणी येसूबाई इथल्याच शिर्के घराण्यातल्या. गावामागे चढणारी वाट घसाऱ्याची आणि उभी आहे. शेवटी लोखंडी शिडी चढून प्रचितगडाच्या दरवाज्यात पोचता येतं. माथ्यावर भवानीचं देऊळ, काही तोफा आणि खडकात कोरलेली पाण्याची टाकी. तिथे उभं राहून पश्चिमेला पाहिलं की खाली शास्त्रीचं खोरं उलगडतं, आणि डोळ्यांना दिसत नसलं तरी त्याच्या टोकाला जयगड असतो. हा डोंगर संरक्षित वनात आहे, तेव्हा वन विभागाची परवानगी आणि गावातला वाटाड्या या दोन गोष्टींशिवाय पाऊल टाकू नये. मार्चच्या मध्यानंतर तर पहाटे पाचला निघून दहाच्या आत सावली गाठावी. पश्चिमेचा कडा दुपारी तव्यासारखा तापतो. माणशी चार लिटर पाणी हे जास्त नाही.

वसंतात आणखी एका धोक्याची जाणीव हवी, ती आग्या माश्यांची. फुलोऱ्याच्या दिवसांत त्यांची पोळी कड्यांच्या कपारींत आणि उंच झाडांवर भरलेली असतात. धूर, उग्र अत्तर, दगड मारणं, मोठ्याने ओरडणं, यांतल्या कशानेही त्या उठतात, आणि आपल्या गडकोटांवर त्यांनी माणसं मारलेली आहेत. उठल्याच तर हात हलवू नका, झटकू नका. चेहरा आणि मान कापडाने झाकून झुडपांच्या आडोशाने पटकन लांब जा. दरीच्या कडेला धावत सुटल्यामुळे झालेले अपघात डंखांहून वाईट असतात. दुसरी काळजी गोचिडांची. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडताप आढळला आहे. तो गोचिडांमुळे पसरतो, आणि त्याचा हंगाम नेमका हिवाळ्याच्या शेवटापासून उन्हाळ्यापर्यंतचा. रानातून आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, अंग नीट तपासावं, आणि आठवडाभरात जोराचा ताप आला तर डॉक्टरांना रानात गेलो होतो हे आवर्जून सांगावं.

आता वणव्याविषयी, कारण या दिवसांत रानाला सर्वांत जास्त भीती त्याचीच असते. सह्याद्रीत वणवा आपोआप लागणं फार दुर्मीळ. तो माणूस लावतो. कधी मुद्दाम, गवत चांगलं फुटेल या समजुतीने, आणि बरेचदा नकळत. भाताच्या तरव्यासाठी आपण कवळ, पातेरा आणि शेण पसरून भाजवळ करतो. पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. भाजवळ पेटवून माणूस जेवायला घरी जातो, दुपारी वारा फिरतो आणि बांधावरचं गवत धरतं. काजूच्या बागेतून ती आग डोंगराला लागते. फेकलेली विडी तेच करते. मार्च-एप्रिलमध्ये रानकोंबडी आणि लावा जमिनीवर अंडी घालून बसलेल्या असतात. कोशिंबाची, बेहड्याची कोवळी रोपं जमिनीलगत असतात. मोठं झाड जगतं, पण रानाची पुढची पिढी एका दुपारी जळून जाते. वनरक्षक आणि वनमजूर हिवाळ्यापासूनच गवत कापून जाळरेषा काढतात, आग लागली की हिरव्या फांद्या हातात घेऊन झोडपून विझवतात. चाळीस अंशांत, उतारावर, बरेचदा नुसत्या चपला घालून. त्यांच्याइतकं कष्टाचं काम राष्ट्रीय उद्यानात दुसऱ्या कुणाचंच नाही.

जयगडकरांनी वणव्याची काळजी का करावी? जळालेल्या उतारावर पातेऱ्याची गादी उरत नाही. जूनचा पहिला जोरदार पाऊस उघड्या मातीवर थेट पडतो आणि माती घेऊन खाली येतो. पातेरा असेल तर तेच पाणी मुरतं आणि फेब्रुवारीपर्यंत झऱ्यांतून थोडं थोडं सुटत राहतं. एकेकाळी गलबतं शास्त्रीतून संगमेश्वरपर्यंत जात. आता खाडी गाळाने उथळ झाली आहे, आणि उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी कमी झालं की भरतीचं खारं पाणी आत आत सरकतं. खाडीकाठच्या विहिरीचं पाणी मचूळ झालं म्हणून आपण चैत्रात तक्रार करतो. त्या विहिरीचं भवितव्य काही अंशी वरच्या डोंगरावरच्या पातेऱ्यात असतं.

जायचं कसं, तेही सांगून टाकतो. जयगडहून निवळी, हातखंबा, मग कोल्हापूरच्या रस्त्याने पाली, नाणीज, साखरपा आणि आंबा घाट. घाटात थांबून खाली कोकणाकडे एकदा नजर टाकावी, कोशिंब आणि सावर लांबूनच ओळखू येतात. पुढे मलकापूरवरून कोकरूड, शेडगेवाडी आणि चांदोली. मुक्काम उद्यानाबाहेरच्या गावांत करावा आणि सकाळी पहिल्या फेरीत आत जावं. प्रवेशाचे दिवस आणि वेळा वन विभाग ठरवतो, त्या निघण्यापूर्वी विचारून घ्याव्यात. वाटाड्या स्थानिक घ्यावा. त्याला त्याचा दाम पुरा द्यावा. दुर्बीण असेल तर उत्तम, नसेल तरी चालतं. वही-पेन मात्र हवं. गडद, मातकट रंगाचे कपडे, पूर्ण बाह्या. गाणी वाजवणारा स्पीकर घरी ठेवावा.

एक विनंती मुलांना घेऊन जाणाऱ्यांना. त्यांना वाघ दाखवण्याचं आश्वासन देऊ नका. त्यांना पाणवठ्यावर अर्धा तास बसवा आणि किती प्रकारचे आवाज ऐकले ते मोजायला सांगा. परतीच्या वाटेवर साखरप्याला गाडी थांबवून करवंदांचा द्रोण घ्या. आणि भाजवळीचे दिवस असतील, तर वाटेत धूर दिसल्यावर शेतात कुणी माणूस आहे का ते बघा. नसेल तर गावात हाक मारा आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा.